सहा गोठ्यांची नोंद : आयर्लंडांतील लहान कुळांचीं गुरें व त्यांचा निवारा

इ. स. १८३७ मध्यें आयर्लंडच्या वायव्य कोपऱ्यांतील डोनेगल परगण्यांतून तेथील लॉर्ड लेफ्टनंटकडे एक अर्ज गेला. अर्जदार पॅट्रिक मॅकाय हा वेस्ट टल्लाहोबेग्ली नांवाच्या पॅरिशांतील, म्हणजे एका चर्चच्या हद्दींत मोडणाऱ्या गांवांतील, शाळामास्तर. आपल्या उपाशी व उघड्या लोकांना सरकारनें कांहीं मदत करावी एवढेंच त्याचें मागणें होतें. परंतु ‘लोक फार दरिद्री आहेत’ असें मोघम लिहून थांबण्याचा मास्तराचा स्वभाव नव्हता. पॅरिशांतील सुमारें ४,००० माणसांजवळ काय आहे व काय नाहीं याची मोजदाद करून ती त्यानें अर्जांत मांडली. गाडी १, नांगर १, फावडीं २०, खुर्च्या ९३, खिशांतील घड्याळें ३, भिंतीवरचें एकहि नाहीं, पाळीव हंस २७, टर्की पक्षी ३, डुक्कर एकहि नाहीं, घोड्यांचे तबेले २, गाईंचे गोठे ६. हें खोटें वाटत असल्यास कोणी निःपक्षपाती गृहस्थ पाठवावा, आपण त्याच्याबरोबर घरोघर हिंडून दाखवूं, असेंहि त्यानें लिहिलें आहे. आमचा सारा जन्म हजेरीपट भरण्यांत गेला असल्यामुळें या अर्जदाराविषयीं आम्हांस विशेष आपुलकी वाटते.

प्रस्तुत लेखाचा विषय वर दिलेल्या नोंदींतील शेवटचा आंकडा हा आहे. चार हजार माणसें आणि सहा गोठे. जुनीं दप्तरें हाताळणाऱ्यास हा पेंच ओळखीचा वाटेल. यादींत जी वस्तु नाहीं ती गांवांतच नव्हती, कीं ती वेगळ्या सदरांत पडत होती? येथें पहिला पर्याय टिकत नाहीं. लॉर्ड जॉर्ज हिल यानें १८३८ पासून हा ग्वीडोरचा मुलूख विकत घेतला आणि १८४५ मध्यें ‘फॅक्ट्स फ्रॉम ग्वीडोर’ या आपल्या पुस्तकांत मॅकायचा अर्ज छापला. त्याच पुस्तकांत तो सांगतो कीं, येथल्या एकेका कुळाला पुष्कळदां तीन घरें असत, एक डोंगरांत, एक किनाऱ्यावर व एक बेटावर. आणि चाऱ्याच्या सोयीप्रमाणें कुटुंब एका घरांतून दुसऱ्या घरांत जाई. तेव्हां गाई होत्या, आणि गाईंच्या मागें हिंडणारीं माणसेंहि होतीं. नव्हता तो गोठा. कारण गाय माणसांच्याच घरांत बांधलेली होती.

हिल हा जमीनदार. आपण येण्यापूर्वीं कुळें किती हीन दशेंत होतीं हें दाखविण्यांत त्याचा स्वार्थ होता, म्हणून त्याचें वर्णन जपूनच घेतलें पाहिजे. परंतु मॅकायचे आंकडे हिलच्या खरेदीच्या आधींचे, आणि मास्तर तर कुळांचा कैवारी. विरुद्ध हेतूंचे दोन साक्षीदार ज्या गोष्टीवर जुळतात ती मानण्यास हरकत नसावी.

या घराची रचना पुढें अनेकांनीं नोंदविली आहे. स्वीडनचा अभ्यासक ओके कँपबेल यानें १९३५ च्या सुमारास आयर्लंडांत हिंडून अशा घरांचे आराखडे काढले. एस्टिन एव्हन्स यानें त्यांवर लिहिलें. आणि १९६४ मध्यें केव्हिन डॅनहर यानें गोठा व राहतें घर एकत्र असलेल्या या प्रकारावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. त्यांवरून जें चित्र उभें राहतें तें असें. लांबट एकच खोली. भिंती दगडाच्या, वर गवताचें छप्पर, मध्यें आडभिंत नाहीं. वरच्या टोंकास चूल. तींत दलदलींतून वीटांसारखी कापून वाळविलेली माती, जिला टर्फ म्हणतात, ती जळत असे. हा विस्तव रात्रीं राखेंत झांकून ठेवीत, विझूं देत नसत. खालच्या टोंकास गाई. जमीन चुलीकडून गाईंकडे किंचित् उतरती ठेवलेली असे. गाई टोंकाच्या भिंतीकडे तोंड करून खुंट्यांस बांधीत, आणि त्यांच्या मागून एक दगडी नाली आडवी नेऊन भिंतींतील भोंकांतून बाहेर काढीत. माणसांची व जनावरांची सीमा म्हणजे ही नाली. दुसरी भिंत नाहीं कीं पडदा नाहीं. लांब बाजूंच्या भिंतींत समोरासमोर दोन दारें असत. वारा ज्या बाजूनें येई तिकडचें बंद, आडोशाचें उघडें. अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या वाऱ्याशीं ज्यांची गांठ आहे त्यांनाच या दोन दारांची किंमत कळावी. कांहीं घरांत गाईंच्या डोक्यावर माळा असे, त्यावर मुलें निजत किंवा सामान ठेवीत. कोंबड्यांची सोय भांड्यांच्या फडताळाच्या तळाशीं गज लावून केलेली असे. मेयो परगण्यांत अचिल बेटावर स्लीवमोर नांवाचें ओसाड गांव आहे. तेथील पडक्या घरांतून अशी नाली आणि भिंतींत बसविलेल्या दावें बांधण्याच्या कड्या आजहि पाहावयास मिळतात.

गाईला विस्तव दिसला म्हणजे ती दूध अधिक देते, अशी समजूत या लोकांत सर्वत्र होती. आमच्या मतें ही समजूत हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. चुलीची ऊब गाईला, गाईची ऊब माणसांना. थंडींत कुडकुडणाऱ्या जनावराचा चारा अंगांत ऊब धरण्यांतच खर्च होतो, दुधाला कांहीं उरत नाहीं. शिवाय गाय रात्रीं व्याली तर घरधनिणीला उठून बाहेर जावें लागत नसे. एकदोन गाईंवर ज्या घराचें सारें बस्तान, त्या घरांत एक वासरूं दगावणें म्हणजे वर्ष बुडणें.

परदेशी प्रवाशांनीं मात्र या घरांत फक्त घाण पाहिली. त्यांत अपवाद म्हणून आर्थर यंग या इंग्रज शेतकीतज्ज्ञाचें नांव घेतलें पाहिजे. तो १७७६ ते १७७९ या काळांत आयर्लंडांत हिंडला व १७८० मध्यें त्याचा ग्रंथ निघाला. उकडलेल्या बटाट्यांचें भांडें जमिनीवर, भोंवतीं सारें कुटुंब, आणि डुक्कर, कोंबडीं, कुत्रें, मांजर, कधीं गायसुद्धां त्याच भांड्याशीं, हें चित्र त्यानेंहि काढलें आहे. पण नाक मुरडून नव्हे. येथें पोटभर आहे, इंग्लंडांतल्या मजुराची भाकरी व चीज मोजून मिळतें, असा त्याचा रोख आहे. डुकराविषयीं एक गैरसमज येथेंच दूर करावा. वसंतांत पिल्लूं घ्यावें, बटाट्यांवर पोसावें आणि विकून खंड भरावा, या रीतीमुळें आयरिश डुकराला ‘खंड भरणारे सद्गृहस्थ’ असें विनोदी नांव पडलें, आणि डुक्कर घरांत असणें हीच दारिद्र्याची खूण ठरली. मॅकायच्या पॅरिशांत डुक्कर एकहि नव्हतें. ज्याच्या घरीं डुकराला घालण्यापुरते बटाटे उरतात तो या मास्तराच्या हिशेबीं सधनच म्हणावयाचा.

आतां मुख्य प्रश्न. गाय घरांत बांधण्याची ही चाल किती जुनी? अभ्यासकांपैकीं कित्येकांचा कल ती अतिप्राचीन, जवळजवळ आर्षकालीन मानण्याकडे होता. घर ओबडधोबड दिसलें कीं तें पुरातन ठरवावें, हा मोह आमच्याकडील संशोधकांनाहि अपरिचित नाहीं. परंतु जुनीं साधनें तपासलीं तर उत्तर उलट येतें.

‘क्रीथ गब्लाख’ हा आयरिश समाजांतील दर्जांविषयींचा कायदेग्रंथ इ. स. ७०० च्या सुमाराचा आहे, डी. ए. बिंची यानें त्याचें संपादन १९४१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांत ‘बोआरे’ नांवाच्या प्रतिष्ठित शेतकऱ्याची मालमत्ता कलमवार सांगितली आहे. त्याला गाई बारा. राहतें घर सत्तावीस फुटांचें, त्याला जोडून पंधरा फुटांचें दुसरें. धान्य वाळविण्याची भट्टी, कोठार, मेंढरांचा वाडा, वासरांचा वाडा, डुकरांचें खुराडें. अशीं सात घरें झालीं म्हणजे बोआरेचा संसार पुरा झाला. मेंढराला घर आहे, वासराला आहे, डुकरालाहि आहे. ज्या गाईवरून या शेतकऱ्याला त्याचें नांव मिळालें तिलाच तेवढें घर नाहीं!

याचा उलगडा इंग्लंडांतील बीड या साधूच्या इतिहासग्रंथांत होतो. तो ग्रंथ ७३१ मध्यें पुरा झाला. आयर्लंडची हवा इतकी सौम्य आहे कीं, तेथें बर्फ तीन दिवसांवर क्वचित् टिकतें, आणि म्हणून हिवाळ्यासाठीं कोणी उन्हाळ्यांत गवत कापून ठेवीत नाहीं कीं जनावरांसाठीं गोठे बांधीत नाहीं, असें बीड लिहितो. बीड स्वतः आयर्लंडांत गेला नव्हता व त्या देशाची स्तुति करतांना त्याचा हात सैल सुटतो, हें खरें. परंतु या मुद्द्यावर कायद्याचा ग्रंथ त्याला दुजोरा देतो. कुरणाचा कांहीं भाग उन्हाळ्यांत राखून ठेवावा व गुरें हिवाळाभर त्यावर उघड्यावर चारावीं, अशी ती पद्धति होती. एखाद्या सालीं बर्फ लांबलें तर गुरें पटापट मरत. अशा गुरांच्या मरीला आयरिश बखरींतून ‘बोआर’ असा स्वतंत्र शब्दच आहे. प्राचीन वस्त्यांच्या उत्खननांतहि गाईंचा गोठा म्हणून खात्रीनें ओळखतां यावी अशी इमारत सहसा सांपडत नाहीं.

म्हणजे ‘क्रीथ गब्लाख’च्या यादींत गोठा नाहीं आणि अकराशें वर्षांनंतर मॅकायच्या यादींत तो जवळजवळ नाहीं, पण दोन्हीं ठिकाणच्या अभावांचे अर्थ परस्परविरुद्ध आहेत. पहिल्या यादीच्या वेळीं गाय रानांत होती, म्हणून गोठा नव्हता. दुसरीच्या वेळीं ती चुलीजवळ होती, म्हणून गोठा नव्हता. हीं दोन मौनें एकत्र वाचून ‘चाल अखंड आहे’ असें ज्यांनीं म्हटलें त्यांनीं मधलीं शतकें वगळलीं.

येथें शब्दांविषयीं थोडें लिहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. आयरिश ‘बो’ म्हणजे आपला ‘गो’च, मूळच्या एकाच वर्णाचा तिकडे ब झाला, इकडे ग राहिला. गुराख्याला तेथें ‘बुअखल’ म्हणतात. त्यांतील पूर्वपद ‘गो’ आणि उत्तरपद ज्या धातूपासून निघालें तोच संस्कृतांतील ‘चर्’. तेव्हां हा शब्द आपल्या ‘गोचर’ या शब्दाचा सख्खा भाऊ होय. पुढें त्याचा अर्थ नुसता ‘मुलगा’ असा झाला, कारण गुरें राखी तोच मुलगा. दूध काढतांना गाईचे मागचे पाय बांधण्याचें जें न्याणें, त्यालाहि ‘बो’पासून निघालेलें ‘बुअरख’ हें नांव आहे. रस्त्याला ‘बोहर’ म्हणतात. दहाव्या शतकाच्या आरंभीं वारलेल्या कॉर्मक राजाच्या नांवावर असलेल्या कोशांत त्याची रुंदी सांगितली आहे ती अशी कीं, एक गाय लांबीनें व एक आडवी मावली पाहिजे. आपल्याकडे गोष्पद हें जसें माप, तसेंच हें. गोठ्याला मात्र तिकडचा शब्द ‘बो’ला ‘घर’ जोडून केलेला आहे. आपल्या ‘गोष्ठा’ला (ज्यावरून ‘गोठा’ आला) घर लागत नाहीं, गाई जेथें उभ्या राहतात ती जागा पुरते.

पुन्हां मुद्द्याकडे वळूं. इंग्रज प्रवासी फाइन्स मॉरिसन याचा ग्रंथ १६१७ चा. तो लिहितो कीं, आयरिश लोक चोरांच्या व लांडग्यांच्या भीतीनें गुरें रात्रीं गढीच्या आवारांत आणून कोंडतात. तेथें तीं चिखलांत रात्रभर उभीं राहतात आणि त्यांना गवताची काडी मिळत नाहीं. कारण गवत थोडेंच कापतात व जें कापतात तें घोड्यांसाठीं राखतात. मॉरिसन शत्रुपक्षाचा, त्याची भाषा तिखट आहे. परंतु त्याच्या मजकुरांतून तीन गोष्टी निघतात. गाय रात्रीं आवारांत आली आहे. अजून छपराखालीं आलेली नाहीं. आणि तिला आणण्याचें कारण थंडी नसून चोर व लांडगे हें आहे. पुढची पायरी जॉन डंटन या लंडनच्या पुस्तकविक्याच्या पत्रांत सांपडते. तो १६९८ मध्यें पश्चिम कॉनॉटच्या डोंगरांत ओफ्लाहर्टी घराण्यांतील एका गृहस्थाकडे उतरला होता. रात्रीं सर्व मंडळी जेथें निजली होती त्याच खोलींत गाई व मेंढरें आणलीं गेलीं. विचारतां, लांडग्यांच्या भयास्तव असें उत्तर मिळालें. हीं पत्रें ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत हस्तलिखित पडून होतीं. विसाव्या शतकांत छापलीं गेलीं. यजमान कांहीं भिकारी नव्हता, मोठ्या कुळांतला होता. तेव्हां गाय घरांत घेणें हें त्या वेळीं दारिद्र्याचें लक्षण नव्हतें.

आयर्लंडांतील शेवटचा लांडगा अठराव्या शतकाच्या अखेरीस मारला गेला असें मानतात. गुरें पळवून नेण्याची चाल त्याच्याहि आधीं मोडली होती. मग गाय पुन्हां बाहेर कां गेली नाहीं? आमच्या समजुतीप्रमाणें येथूनच दारिद्र्याचा संबंध सुरू होतो. लोकसंख्या वाढली, जमिनीचे तुकडे पडले, आणि तुकड्यावर बटाटा हेंच अन्न राहिलें. बटाट्याला खत लागतें. गाय रानांत राहिली तर शेण रानांत पडतें; घरांत राहिली तर तें हातीं लागतें. पेंढा, लव्हाळे, दलदलीची माती गाईखालीं पसरून तो गाळ सांठवीत व वसंतांत पाठीवरच्या टोपल्यांतून वाफ्यांवर नेत. प्रवाशांनीं ज्याला घाण म्हटलें तें येत्या सालचें अन्न होतें. मॅकायच्या यादींतील आणखी दोन नोंदी येथें जुळवून पाहाव्या. पॅरिशांत सलगम नाहीं, गाजर नाहीं, क्लोव्हरचा चारा नाहीं. म्हणजे हिवाळ्यांत गाईला देण्यास कांहीं नाहीं, तेव्हां निदान ऊब द्यावी. आणि चर्च, शाळा, पाद्र्याचें घर, पोलिसांची बराक अशीं मोजकीं स्थळें सोडलीं तर साऱ्या पॅरिशांतील खिडक्यांना मिळून दहा चौरस फुटांहून अधिक कांच नाहीं. ज्यांना कांचेचा तुकडा परवडत नाहीं त्यांनीं वेगळा गोठा कशानें बांधावा? लांकूड त्या भागांत जवळजवळ नव्हतें; आणि बांधलाच, तर सुधारलेली मिळकत म्हणून खंड वाढण्याची धास्ती. कुळानें केलेल्या सुधारणेची भरपाई देणारा कायदा १८७० मध्यें झाला. तत्पूर्वीं देशाच्या बहुतेक भागांत कुळाला असा हक्कच नव्हता.

घरांत बांधलेली गाय वर्षभर घरांत नसे, ही गोष्ट प्रवासी विसरतात. मे महिन्याच्या आरंभीं गुरें डोंगरांत नेत आणि नोव्हेंबरच्या आरंभीं परत आणीत. डोंगरांतील या उन्हाळी वस्तीला ‘बूली’ म्हणत. बरोबर बहुधा तरुण मुली जात. दगडमातीच्या खोपटांत राहून दूध काढीत, लोणी घुसळीत. एडमंड स्पेन्सर या कवीनें १५९६ च्या सुमारास या वस्त्यांवर कडक टीका केली, कारण सरकारच्या डोळ्याआड असलेला माणूस त्याला बंडखोर वाटे. गायरान सामाईक, कोणी किती जनावरें न्यावीं हें ‘कॉलप’ या मापानें ठरे. एक मोठी गाय म्हणजे एक कॉलप, घोड्याला अधिक, मेंढरें कित्येक मिळून एक. हिवाळ्यांतलें घर व उन्हाळ्यांतला डोंगर हे एकाच व्यवस्थेचे दोन पाय होते. ग्वीडोरमध्यें १८५० नंतरच्या दशकांत जमीनदारांनीं डोंगर कुळांकडून काढून घेऊन स्कॉटलंडहून मेंढरें आणविलीं. त्यावरून तंटे माजले व १८५८ मध्यें पार्लमेंटच्या समितीपुढें चौकशी झाली. घरांतली गाय ज्यांना खुपली त्यांनींच तिचा डोंगर घेतला, हें नमूद करून ठेवतों.

गाय घराबाहेर गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८९१ मध्यें स्थापन झालेल्या काँजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डानें पश्चिमेकडील दरिद्री भागांत गोठे बांधण्यास पैशाची मदत दिली. हें मंडळ १९२३ मध्यें बंद झालें. तोंवर जमीनहि कुळांच्या मालकीची होत चालली होती. पुष्कळ ठिकाणीं नव्या गोठ्याची जागा घराच्या ओळींतच, त्याच छपराच्या पुढें धरली. आंत जेथें गाई असत तेथें आडभिंत घालून निजण्याची खोली केली. नालीवर फरशी बसली. तिला पुढेंहि ‘खालची खोली’च म्हणत.

यानंतरच्या स्थितीसाठीं एक मोठें हस्तलिखित साधन आहे. १९३५ मध्यें स्थापन झालेल्या आयरिश फोकलोअर कमिशननें १९३७ व १९३८ या सालीं प्राथमिक शाळांतील मुलांकडून गांवोगांवच्या वृद्धांच्या तोंडची माहिती लिहवून घेतली. शिक्षकांना विषयांची यादी दिली होती, तींत ‘शेतावरच्या जनावरांची निगा’ हा एक विषय होता. गाईंचीं नांवें, गोठ्यांतले खुंटे व दावीं, संत ब्रिजिडच्या सणाला लव्हाळ्यांचा विणून गोठ्यांत टांगलेला क्रूस, वासराला हांक मारावयाची ती ‘सुक सुक’, कोंबड्यांना ‘ट्युक ट्युक’, डुकराला ‘हरिश हरिश’, असें पुष्कळ कांहीं मुलांनीं आपल्या अक्षरांत उतरविलें आहे. हा संग्रह डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत आहे. कमिशनच्या एकंदर दप्तराची २०१७ मध्यें युनेस्कोच्या जागतिक स्मृति-नोंदवहींत नोंद झाली, आणि शाळांच्या या वह्यांचीं छायाचित्रें आतां कोणासहि घरबसल्या पाहतां येतात. सवड असणाऱ्या वाचकानें डोनेगलचे खंड आधीं उघडावे व गोठ्यांविषयींच्या नोंदी मॅकायच्या यादीशेजारीं ठेवून वाचाव्या.